याजक, राजा आणि आपल्या जालन्याजवळचं बेथेल
जाफराबादकरांनो, बायबलमध्ये दावीदाच्या घराण्यातला राजा यहूदाच्या वंशातला आणि याजक लेवीच्या, ही वाटणी कडक आहे. उज्जीया राजा मंदिरात स्वतः धूप जाळायला गेला आणि कोडी झाला. कुणी म्हणेल, दावीद राजानेही एफोद हे याजकाचं वस्त्र घालून अर्पणं केली होती. खरं आहे, पण त्याने लेवींचं पद बळकावलं नाही. दोन्ही पदं एकत्र दिसतात ती उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात, शलेमचा राजा आणि याजक मलकीसदेक याच्यात. ११०वं स्तोत्र तोच धागा उचलतं आणि इब्री लोकांस पत्र तो येशूपर्यंत नेतं. येशू यहूदाचा, म्हणून त्याचं याजकपण वंशावर टिकतच नाही, आणि मला हाच सगळ्यात मोलाचा मुद्दा वाटतो.

कारण पेत्राचं पहिलं पत्र पुढे सगळ्या विश्वासणाऱ्यांनाच राजकीय याजकगण म्हणतं. याजकपण वंशावर नसतं, याचं उदाहरण आपल्या जवळच आहे: १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, ब्राह्मण घरातले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तिथे बरेच जण मांग समाजातले होते. चर्चमध्येही पाळकांची उतरंड राहिलीच, हा आक्षेप रास्त आहे; पण ती उतरंड तपासायचं माप पेत्राच्या याच पत्रात आहे.