रिकाम्या पुंगळ्या वेचून घरीच काडतुसं भरणारे अमेरिकन : पैसे खरंच वाचतात का?

अमेरिकेतल्या कुठल्याही शूटिंग रेंजवर एक गंमत दिसते. नेमबाजी संपली की काही मंडळी खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचायला लागतात. भंगारात विकायला नाही, तर घरी नेऊन त्याच पुंगळ्यांत पुन्हा काडतुसं भरायला. तिकडे याला 'रीलोडिंग' म्हणतात. स्वतःच्या वापरापुरतं भरायला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकायचं म्हटलं की मात्र लागतो.

आता तुम्ही म्हणाल, झाडलेली गोळी परत कशी वापरणार? तर गोळी नाहीच वापरत.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की दारू जळते, प्रायमर निकामी होतो, गोळी निघून जाते. उरते ती पुंगळी, आणि चौघांत बहुतेकदा महाग तीच. पितळ स्फोटाच्या दाबाने फुगतं आणि दाब गेला की थोडं मागे येतं, त्यामुळे सहसा तडकत नाही. पिस्तुलाची एक चांगली पुंगळी अनेकदा भरता येते.

घरी काम चालतं ते टेबलाला बोल्टने आवळलेल्या हाताच्या प्रेसवर. फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर पडतो. मग नवा प्रायमर, मोजलेली दारू, वर गोळी. साध्या प्रेसवर एका वेळी एकच काम होतं. महागड्या 'प्रोग्रेसिव्ह' प्रेसवर प्रत्येक दांड्यासरशी एक काडतूस तयार होतं.

स्वस्तातला मार्ग दाखवला रिचर्ड ली यांनी. १९५८ मध्ये त्यांनी 'ली लोडर' हा छोटा संच काढला. त्याला प्रेसच लागत नाही, हातोडीने ठोकून काडतूस भरायचं. वेळ भरपूर जातो, पण खिसा हलका असलेल्या नवशिक्यांनी याच्यावरच हात बसवला.

पैशाचं गणित मात्र वाटतं तेवढं सरळ नाही. दारू 'ग्रेन'मध्ये मोजतात, एका पौंडात ७,००० ग्रेन. नाइन एमएमच्या एका काडतुसाला ढोबळमानाने चार ते सहा ग्रेन, म्हणजे एका डब्यात हजारावर काडतुसं. पण नाइन एमएमची तयार काडतुसंच मुळात स्वस्त, त्यामुळे बचत थोडी आणि अवजारांचा खर्च वसूल व्हायला वेळ लागतो. पॉइंट ४४ मॅग्नमसारख्या महागड्या काडतुसांत फरक खरा जाणवतो. शिवाय माल मिळायला हवा. २०२० च्या कोविडकाळात तयार काडतुसांबरोबर प्रायमरही दुकानांतून गायब झाले, आणि पुंगळ्यांचे डबे भरलेले असूनही लोक हात चोळत बसले.

आणि पैसे वाचवायचे तर कुठे वाचवू नयेत? तराजूत. रीलोडिंगचा तराजू एक दशांश ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दाखवतो. तेवढी बारकाई लागतेच, कारण आजची धूरविरहित दारू पिस्तुलाच्या पुंगळीत अनेकदा अर्धीसुद्धा जागा व्यापत नाही. फोन वाजला, लक्ष उडालं आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तरी ती मावते. वरून गोळी बसली की ओळखू येत नाही. ती झाडली की पिस्तूल हातातच फुटू शकतं.

उलटी चूकही तितकीच वाईट. दारू पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज 'फुस्स' येतो. नेमबाजाने ते न ओळखता पुढचा बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून जाणकार गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघतात, दारूचं माप छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून धरतात आणि टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवतात. जुन्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं, त्यामुळे काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खात नाहीत.

आपल्याकडे कोणी हे बघून प्रेस मागवायच्या विचारात असेल तर थांबा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी आहे. बंदुकीचा परवाना असला म्हणून काडतुसं भरायची मुभा मिळत नाही. पुण्याजवळ खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, पण तो सरकारी.