सदाफुलीचा अर्क आणि पांढऱ्या पेशी

गैरसमज : पांढऱ्या पेशी मेल्या की प्रतिकारशक्ती घटली.

वस्तुस्थिती : त्या वेळेवर मरायलाच हव्यात. रक्तातली न्यूट्रोफिल पेशी जेमतेम दिवसभर जगते. अस्थिमज्जा रोज अब्जावधी नव्या पेशी तयार करते. संसर्ग ओसरला की त्याच्याशी लढायला वाढलेल्या टी-पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक मरतात. या शिस्तशीर मरणाला १९७२ साली ‘ॲपोप्टोसिस’ हे नाव मिळाले. पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. काही मुलांत जन्मजात दोषामुळे लिम्फोसाइट पेशी मरतच नाहीत. मग प्लीहा आणि लसिका ग्रंथी सुजतात, आणि प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच रक्तपेशींवर उलटते.

गैरसमज : झाडपाल्याने प्रतिकारशक्ती वाढते, निदान अपाय तरी होत नाही.

वस्तुस्थिती : अंगणातली सदाफुलीच घ्या. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर जमैकाहून आलेल्या तिच्या पानांवर काम करत होते. तिकडे मधुमेहावर या पानांचा काढा घेत. अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, तर साखर ढिम्म हलली नाही. शिरेतून टोचला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. अर्काने त्यांच्या पांढऱ्या पेशी घटवल्या होत्या, अस्थिमज्जाही खंगली होती. त्यातूनच विनब्लास्टिन हाती लागले, पुढे विनक्रिस्टिन. ही द्रव्ये विभागणाऱ्या पेशीतले तंतू जुळू देत नाहीत. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बेफाम वाढलेल्या लिम्फोसाइटवर विनक्रिस्टिन आजही वापरतात.

गैरसमज : मग रोज चार पाने चघळावीत.

वस्तुस्थिती : विनक्रिस्टिन शिरेतूनच देतात, तेही एका वेळी फार तर दोनेक मिलिग्रॅम. मात्रा चुकली तर मज्जातंतूंना इजा होते. एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि पानांत इतरही कितीतरी अल्कलॉइड असतात. चघळताना कोणते किती पोटात गेले, हे कळायला मार्ग नाही.

गैरसमज : प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडले.

वस्तुस्थिती : हळदीतल्या कुरक्युमिनने बशीतल्या पेशी मरतात, हे खरे. पण बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसांना दोन ग्रॅम कुरक्युमिन तोंडावाटे दिल्यावर ते रक्तात जवळजवळ सापडलेच नाही. बशीतल्या पेशीला मिळणारी मात्रा शरीरातल्या पेशीपर्यंत पोचतेच असे नाही.

गैरसमज : प्रतिकारशक्ती वाढेल तितकी चांगली.

वस्तुस्थिती : कोविडच्या धास्तीने गुळवेलीचा काढा घरोघरी उकळू लागला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. काहींत प्रतिकारयंत्रणेनेच यकृतावर हल्ला केल्याच्या खुणा होत्या. ती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप मानला, तरी बाजारातल्या पुडीत नेमके काय आहे हा प्रश्न उरतोच. म्हणून केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि पुडीही दाखवा.