तांबे जाता जात नाही!

धार आणि देवास ही पवारांची दोन संस्थाने आपल्या भागातल्या घरांना परकी नाहीत. देवास तर बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाव झाले. धारला लाट मशिदीजवळ जुना लोहस्तंभ तीन तुकड्यांत आहे. शतकानुशतके उन्हापावसात राहूनही तो गंजून संपलेला नाही. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे त्यावर संरक्षक थर धरतो, असे अभ्यासक सांगतात. धातू गंजतो म्हणजे त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून निघून जातात. घरी सर्किट बोर्ड करणारी डिप्लोमाची मुले हेच तांब्याचे मुद्दाम घडवून आणतात, आणि त्यांची तक्रार नेमकी उलटी असते.

कृती सोपी आहे. ठेवायच्या रेषा पक्क्या शाईने झाकायच्या, बोर्ड वीजपुरवठ्याच्या धन टोकाला आणि तांब्याची पट्टी ऋण टोकाला जोडून दोन्ही मोरचुदाच्या द्रावणात समोरासमोर धरायची. उघडे तांबे बोर्डावरून विरघळते, पट्टीवर चढते. 10 सेंटिमीटर चौरस बोर्डावर 35 मायक्रॉनचा थर असला तर तांबे सुमारे 3 ग्रॅम भरते. एक अँपिअर वीज तासभर वाहिली की जवळजवळ 1.2 ग्रॅम जाते. म्हणजे अर्धे तांबे काढायला तासाहून थोडा अधिक वेळ. घाईने प्रवाह वाढवला की शाईखालूनही तांबे खाल्ले जाते आणि बारीक रेषा तुटतात.

खरी डोकेदुखी मात्र बेटांची. भोवतालचे तांबे गेले की मधला तुकडा चिमट्यापासून तुटतो. त्याला वीजच पोचत नाही, मग तासभर बुडवून ठेवा, तो जागचा हलत नाही. द्रावण बिघडले म्हणून मुले ते बदलत बसतात. दोष द्रावणाचा नसतोच. बोर्ड एकदम बुडवू नये. खालची दोन सेंटिमीटर आधी बुडवावी, ती स्वच्छ झाली की आणखी थोडा खाली सोडावा. वरचे कोरडे तांबे तोवर वीज पोचवत राहते. पट्टी बोर्डाएवढी रुंद आणि समांतर हवी, नाहीतर कडा आधी संपतात. तरीही उरलेली बेटे शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटे धरून काढावीत. निव्वळ विजेवर सगळे बोर्ड पुरे करण्याचा हट्ट मला तरी पटत नाही.

मोरचूद नाही म्हणून पुष्कळजण मिठाचे पाणी घेतात. घरात त्याला कोणी मीठ म्हणो, कोणी उप्पु, त्यातून क्लोरीन सुटू शकतो आणि ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बंद खोलीत हे करू नये. स्टीलचा चमचा धन टोकाला लावू नये, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरते. आणि घरच्या भिंतीतली 230 व्होल्टची वीज द्रावणात थेट कधीच सोडायची नाही.

निळेहिरवे पाणी बाटलीत बंद करून चिठ्ठी लावावी आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत विचारावे. मोरीत, तुळशीत किंवा विहिरीकडे ते जाऊ देऊ नये. तांब्याचे क्षार माशांना फार थोड्या प्रमाणातही मारतात.