४,२९५ क्विंटल तूर गेली कुठे?

बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ही तुरीच्या वाणांची नावं मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. त्यातलं ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर; इथल्या कृषी संशोधन केंद्राचे हे वाण. तेव्हा बदनापुरात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलेल्या पोरांसाठी आकड्यांचं माप तुरीचंच घेऊ. शंभर दाणे साधारण दहा ग्रॅम भरतात. म्हणजे क्विंटलभर तुरीत दहा लाख दाणे.

जावात पूर्णांक ठेवायला आधी शिकवतात तो ‘इंट’. ३२ बिटांची जागा, प्रत्येक बिटात शून्य किंवा एक. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. भारताची लोकसंख्या तिथे आरामात बसते, जगाची बसत नाही. तुरीत सांगायचं तर २,१४७ क्विंटल, दहा टनांचे बावीस ट्रक. सेकंदाला एक दाणा मोजत बसलं, तर ६८ वर्षं लागतील. साधा लॅपटॉप तेवढ्या फेऱ्यांचं रिकामं लूप काही सेकंदांत संपवतो.

आता ही जागा भरून बघू. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त एक सुंदर गणित घातलंय. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, डमरू, त्रिशूळ अशा दहा वस्तू. त्या हातांत अदलून-बदलून दिल्या तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? उत्तर एकापासून दहापर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार, ३६,२८,८००. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे हे गणित आपल्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी शिकवलं जात होतं. जावा शिकणारा आज तेच गणित लूपमध्ये एका ओळीत करतो:

उत्तर = उत्तर * क्रमांक;

ही ओळ अशीच देवनागरीत लिहिली तरी जावाला चालते. चलाचं नाव इंग्रजीतच हवं, असा तिचा हट्ट नाही. हे प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी सांगायला हवं.

प्रत्येक मूर्तीमागे एक दाणा ठेवला, तर दहा वस्तूंचे दाणे साडेतीन क्विंटलांच्या थोडे वर. बारा वस्तूंचे ४७९ क्विंटल. इथवर सगळं बरोबर. तेराव्या फेरीला खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००, म्हणजे ६,२२७ क्विंटल. इंट सांगतो १,९३,२०,५३,५०४. ३२ बिटांच्या वर जे गेलं ते जावाने टाकून दिलं, आणि ते नेमके ४,२९,४९,६७,२९६ दाणे. ४,२९५ क्विंटल तूर गायब! प्रोग्रॅम थांबत नाही, स्क्रीनवर लाल अक्षरात काही येत नाही. सतराव्या फेरीला तर उत्तर ऋण येतं.

यात नवशिकेच फसतात असं नाही. खुद्द जावाच्या लायब्ररीतल्या, यादीत शोध घेणाऱ्या ‘बायनरी सर्च’मध्ये मधला क्रमांक काढायला दोन इंटांची बेरीज करून ती निम्मी केली जाई. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीजच इंटबाहेर जाई. ही चूक वर्षानुवर्षं तिथेच होती. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली.

इंट पुरत नसेल तर ‘लाँग’ आहे, ६४ बिटांचा. बिटं फक्त दुप्पट, पण मर्यादा ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७. एवढे दाणे पिकवायचे तर वर्षाला ३५ लाख टन धरून अख्ख्या भारताला अडीच लाखांहून अधिक वर्षं तूर पेरावी लागेल. वाटतं, आता कायमची सोय झाली. पण आपला गुणाकार विसापर्यंतच त्यात मावतो. एकविसाव्या फेरीला लाँगही ऋण आकडा दाखवतो. अठ्ठाविसाव्या फेरीला तर दाण्यांचं वजन पृथ्वीच्या पाचपट होतं! त्यापुढे ‘बिगइंटिजर’ वापरायचा. तो हळू चालतो, पण मेमरी पुरेल तोवर एक दाणाही सांडत नाही.

हा प्रोग्रॅम स्वतः लिहा. आधी इंटवर वीसपर्यंत चालवा, प्रत्येक फेरीचं उत्तर एका ओळीत छापा आणि तेराव्या ओळीपाशी थांबा. ज्या गुणाकारात दहा आहे, त्याच्या शेवटी शून्य यायलाच हवं. तिथे चार दिसेल. चूक पकडायला एवढी खूण पुरे. मग साध्या गुणाकाराऐवजी ‘मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट’ लिहून पुन्हा चालवा. जावा ८ पासून ही सोय आहे. उत्तर जागेत मावलं नाही तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि तसं सांगतो. पैशांचा, मापांचा किंवा माणसांचा हिशेब करणारा कुठलाही प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा तो असाच लिहा.