आजीचं प्रायव्हेट रेडिओ स्टेशन

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्याला अष्टमी. नगरपालिका मात्र दोघांची मिळून एकच. गेल्या वीकेंडला दिवा-रोहा पकडून आजीकडे गेलो. तिच्या माजघरात माझा मोबाइल मान टाकतो. पण आजीच्या छातीतून रोज रात्री बिनबोभाट सिग्नल जातो! पेसमेकर आहे तिला. उशाशी एक डबा असतो, तो पेसमेकरचं ऐकतो आणि मुंबईच्या डॉक्टरांना कळवतो. त्या डब्याला नेटवर्क मिळावं म्हणून खाट खिडकीला सरकवलीय, एवढंच.

आजीला टेन्शन वेगळंच. ‘बॅटरी संपली की परत चिरणार ना रे मला?’

चिरणार. १९५८मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. तो काही तासच चालला. पुढे २००१पर्यंत ते जगले, पण वीसहून जास्त पेसमेकर बदलून! आजच्या बॅटरीचं मुख्य काम हृदयाला ठोका देणं. बोलण्यात खर्च झाली की ती तेवढीच आधी संपणार. म्हणून अँटेना कंजूष हवा. वर मोठ्याने ओरडायलाही बंदी. अमेरिकेने १९९९मध्ये अशा उपकरणांना ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा दिला, तोही हवामानवाल्यांच्या फुग्यांबरोबर वाटून घ्यायचा. ताकद किती? फक्त २५ मायक्रोवॅट.

पेसमेकरचा डबा टायटॅनियमचा. धातूतून सिग्नल निघत नाही, म्हणून अँटेना बसतो वरच्या पारदर्शक टोपीत, जिथे तारा जोडतात. हवेत पाव लहरीचा अँटेना साडेअठरा सेंटिमीटर लागला असता. स्नायूत लहर सातेक पटींनी आखडते, म्हणजे हिशेबाने अडीच सेंटिमीटर. मस्त ना? थांबा. तोच स्नायू सिग्नल पिऊनही टाकतो. आणि चरबीत लहर एवढी आखडत नाही, त्यामुळे हाडकुळ्या आजीसाठी जुळवलेला अँटेना आमच्या सुखवस्तू काकांच्या छातीत बेसूर होणार. मग डिझायनर मुळातच त्याला थोडा रुंद पट्टा देतात.

टेस्टिंग? आधी भांड्यात. पाणी, साखर, मीठ असं मोजून कालवतात की रेडिओलहरींना तो स्नायूच वाटावा. आजीला सांगितलं तर म्हणाली, ‘लिंबू पिळलंत की झालं सरबत!’ काही ठिकाणी चक्क खिमाही वापरतात, हे मी तिला सांगितलं नाही.

खरी गोची असते केबलची. एवढुशा अँटेनाला मोजायला केबल लावली की केबलच अँटेना बनते. आकडे झकास येतात आणि साफ खोटे असतात. म्हणून बॅटरीवरचा चिमुकला ट्रान्समीटर आतच बुडवतात आणि सिग्नल दूरवरून ऐकतात, तोही लहरी परतू न देणाऱ्या, फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत.

‘मग माझी किती वर्षं?’

‘बॅटरीची? साधारण दहाएक.’

आजी ७८ची. तिने बोटांवर मोजलं. ‘म्हणजे एकदा तरी चिरणार,’ म्हणाली, आणि उशाशी डब्याचा हिरवा दिवा लागलाय ना, ते बघून आडवी झाली.