घरच्या सर्व्हरला हार्ड डिस्क घेताय? सीएमआर की एसएमआर ते आधी बघा

घरी एनएएस उभारायचा म्हटलं की बहुतेक जण किती टीबी आणि किती रुपये एवढंच बघतात. खरा घोळ असतो तो डिस्क डेटा कसा लिहिते यात.

सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. एरवी हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी कॅशे भागात लिहून घेते आणि निवांतपणे आवराआवर करते. पण रेड ५ मधली एक डिस्क गेली आणि नवी टाकली की तासन्‌तास सलग लिहावं लागतं, निवांत वेळ मिळतच नाही. वेग कोसळतो. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळाच डेटा गेला!

आणि लेबलवर विसंबू नका. वेस्टर्न डिजिटलच्या खास एनएएससाठीच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. आता त्यांची सीएमआर हवी तर 'रेड प्लस' घ्यावी लागते. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआरच आहे. तरी मॉडेल नंबर डेटाशीटमध्ये तपासाच.

दोनच बे असतील तर सरळ रेड १ करा. ४ टीबीच्या दोन डिस्कमध्ये जागा ४ टीबीचीच मिळेल. रेड म्हणजे बॅकअप मात्र नव्हे, चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. फोटोंची एक कॉपी वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवा, आणि ती कायम जोडलेली नको.