सिलिंडर आधी, अनुदान नंतर

तालुक्याच्या गावातल्या गॅस एजन्सीत सकाळी जी रांग लागते, तिच्यात सिलिंडर न्यायला आलेले थोडेच असतात. बाकीच्या बायका आधार कार्ड, रेशनकार्ड, पासबुक आणि गॅसचं पुस्तक पिशवीत घेऊन आलेल्या असतात. अनुदानाचे पैसे का जमा होत नाहीत, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

ई-केवायसी करणाऱ्या मुलीशेजारी बसून मी हे काम पाहिलं. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “गॅस कुणाच्या नावावर आहे?” उत्तर बहुधा “मालकांच्या”, नाहीतर “सासऱ्यांच्या, पण ते वारले.” मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना २०२४ साली आली. उज्ज्वला योजनेतल्या आणि लाडकी बहीण योजनेत पात्र ठरलेल्या कुटुंबांना तिच्यात वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात, मात्र जोडणी बाईच्या नावावर हवी. म्हणजे आधी नाव बदला. नवरा असेल तर त्याची सही आणा, माणूस गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती आणा. वर्षानुवर्षं त्याच शेगडीवर रांधणाऱ्या बाईला स्वतःच्या नावासाठी असे हेलपाटे घालावे लागतात.

मग अंगठा. खुरपणीने आणि धुण्याभांड्याने झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. ती मुलगी ओल्या फडक्याने बोट पुसून देते, दुसरं बोट ठेवायला सांगते. तेही जमलं नाही तर मोबाइल समोर धरते, “मावशी, इकडे बघा, डोळे मिटून उघडा.” तिच्या आवाजात घाई नसते. योजना या बायकांपर्यंत पोहोचते ती अशा माणसांमुळे, असं माझं ठाम मत झालं आहे.

खात्याची भानगड सगळ्यात किचकट. अनुदान जातं ते आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात. एक आजी ज्या पासबुकात पैसे शोधत होत्या, त्यात काहीच नव्हतं; पैसे पडत होते मध्यंतरी उघडलेल्या दुसऱ्या खात्यात. हे कळल्यावर त्या तिथेच बाकावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

कागद जुळले तरी मुख्य अडचण उरतेच. उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे केंद्राचे ३०० रुपये आणि अन्नपूर्णाचे ५३० रुपये खात्यात येतात, पण सिलिंडर दारात उतरतो तेव्हा पूर्ण किंमत हातात असावी लागते. एप्रिल २०२५च्या दरवाढीनंतर १४.२ किलोच्या सिलिंडरला मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे पडत होते. ज्या घरात मजुरी आठवड्याच्या बाजाराला मिळते, तिथे एवढी रक्कम एकदम काढायची कुठून? मग भरलेला सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा आणि रोजच्या भाकरी चुलीवर. धूर बाईच्या छातीत जातो तो जातोच.

२०१५ साली अनुदान थेट खात्यात देणं देशभर सुरू झालं. त्याआधी सवलत किमतीतच असे, ग्राहक कमीच पैसे मोजे. गळती थांबवायला केलेला बदल मला पटतो. पण एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, उज्ज्वलाच्या बायकांना तीन मोफत सिलिंडर देताना केंद्राने पैसे आगाऊ खात्यात भरले होते. त्यातून त्यांनी सिलिंडर घेतला. यंत्रणा तीच, खाती तीच. अन्नपूर्णाच्या तीन सिलिंडरपैकी निदान पहिल्याचे पैसे असेच आधी द्यावेत, पुढच्यांचे आधीच्या खरेदीची नोंद पाहून.